मुन्याचं शेवटचं चित्र

बिडीच्या कारखान्यात हात गुंतलेले आणि कान रिकामे. मग किस्से साचणार नाहीत तर काय! गोंदियाच्या आमच्या ओसरीवरचे बरेच किस्से हसण्यासारखे आहेत. पण हा एक आठवला की आजही डोकं फिरतं माझं.

* * *

सन पन्नास-बावन्नची गोष्ट. आम्ही सगळे अंगठेबहाद्दर, म्हणून पेपर वाचायला एक रिटायर मास्तर ठेवले होते. त्यांच्या पगारापोटी प्रत्येक जण थोड्या बिड्या जास्तीच्या वळायचा. पेपरात मुन्या नावाच्या खट्याळ पोराची चित्रं यायची. मास्तर तीही ‘वाचून’ दाखवायचे आणि पेपर घडी करून पिशवीत टाकायचे.

शेवटचं चित्र दर सोमवारी एकच! “बापाने मुन्याला झोडपला. मुन्या सुधारला.”

पुढच्या सोमवारी हा सुधारलेला मुन्या नवीन खोडी घेऊन हजर! एकालाही शंका येऊ नये? धन्य आम्ही!

* * *

शंका आली ती मुनीमजींना. “मास्टरजी, ये लड़का इतनी मार खाके भी नहीं सुधरता?”

मास्तर चष्मा पुसत म्हणाले, “मार कमी पडतो.”

हे वाक्य अख्ख्या ओसरीने आपापल्या घरी नेलं.

* * *

माझ्या शेजारी फुलनबाई बसायची. तिच्या बिसनने आज्याच्या चिलमीत मिरची भरली. हिने पोराची पाठ सोलून काढली आणि सकाळी मला फुशारकीने सांगते, “मास्तर सांगतेत तसाच झोडपला, भाऊ!”

मी खेकसलो, “बाई, लेकरू आहे नं ते!”

“अन् मुन्या का म्हातारा आहे?”

* * *

एका सोमवारी मास्तर पाणी प्यायला उठले आणि वाऱ्याने पेपर उडून फुलनच्या मांडीवरच्या तंबाखूच्या सुपात पडला. चित्र बघायला कुठे अक्षरं लागतात! बैल उधळलेला, बाप शेणात पडलेला आणि मुन्या झाडावर बसून खदाखदा हसतोय.

“मास्तर, याच्यात मारणं कोठं आहे?”

“बाई, पोरांवर चांगले संस्कार व्हावेत म्हणून...”

“माह्या पोराच्या पाठीवर वळ आहेत!” फुलन किंचाळली.

मास्तरांच्या बिड्या आम्ही तिथल्या तिथे बंद केल्या. मी तर त्यांचा चष्माच फोडणार होतो. चार जणांनी धरलं, नाहीतर फोडलाच असता!

* * *

दुसऱ्या दिवशी फुलन बिसनलाच घेऊन आली. तोच पेपर त्याच्या मांडीवर ठेवला. “आता तू सांग रे बापू, काय काय आहे ते.”

बिसन एकेका चित्रावर बोट ठेवून सांगू लागला. बैल, बाप, शेण! ओसरी पोट धरून हसत होती, मुनीमजीसुद्धा. शेवटच्या चित्रावर मात्र त्याचं बोट थांबलं.

“सांग नं,” फुलन हसत म्हणाली. “झाडावर बसून कायले हासून राहिला तो?”

बिसन मायकडे न बघता म्हणाला, “अजून खाली उतरला नाही नं, म्हणून.”