आत्याबाईंचं बोलणं तोडताना

त्या दिवशी दुपारी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मला बोर्डावरून उठवलं. मी हेडफोन काढला, माझ्या जागेवर शेजारची मुलगी बसली आणि मी ट्रेनिंगच्या खोलीत गेले. तिथे शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की उद्यापासून मी ट्रंक कॉल घ्यायचे नाहीत. आधी पुन्हा शिकायचं, मग परीक्षा. परीक्षेत जमलं नाही तर नोकरी नाही.

या गोष्टीला खूप वर्षं झाली. आत्याबाईंना जाऊन मात्र अजून वर्ष व्हायचं आहे. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला असंच म्हणतात. त्यांच्याविषयी लिहायचं म्हणून कागद घेते तेव्हा त्या दुपारपासूनच सुरुवात होते. त्याआधी आम्ही दोघी एका घरात राहत होतो, एवढंच.

तेव्हा नागपूरहून परगावी बोलायचं तर एक्स्चेंजमध्ये कॉल नोंदवावा लागे. समोर बोर्ड, डोक्यावर हेडफोन, हातात कॉलची चिठ्ठी, अशा आम्ही मुली ओळीने बसायचो. संत्र्याचे व्यापारी दिल्ली-कलकत्ता मागायचे. धंतोलीच्या दवाखान्यांतून यवतमाळ, अमरावती, चांदा मागितलं जायचं. पेशंट तिकडून आलेला असायचा आणि घरचे तिकडे निरोपाची वाट बघत असायचे. कॉल तीन मिनिटांचा. तीन मिनिटं झाली की ऑपरेटरने लाइनवर जाऊन सांगायचं, ‘तीन मिनिटं झाली, वाढवायचंय का?’ वाढवायचं असेल तर पैसे वाढायचे, नसेल तर लाइन काढून पुढच्याला द्यायची. पुढचा नेहमीच असायचा.

ट्रेनिंगच्या बाई जबलपूरच्या होत्या. आमच्या मागे त्यांचं टेबल होतं आणि तिथून त्यांना कुठल्याही मुलीच्या लाइनवर कान लावता यायचा. कुणाचं ऐकताहेत ते कळायचं नाही. आठवडाभर त्यांनी सगळ्यांचं ऐकलं आणि मग एकेकीला बोलावून तिचं काय कमी पडतं ते सांगितलं. एकीला आकडे चुकीचे ऐकू येत होते. एक गिऱ्हाइकाशी भांडत होती. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी चिठ्ठ्या बाजूला सारल्या.

“तुम्हारा सब ठीक है,” त्या म्हणाल्या. “आवाज अच्छी है, नंबर सही है. बस, तुम बीच में नहीं बोलती.”

त्यांचं खरं होतं. समोरचं माणूस बोलत असताना मला मध्ये तोंड घालता येत नसे. माहेरी मोठ्यांचं बोलणं संपल्याशिवाय कुणी बोलत नसे, आणि माझा बाकीचा वेळ वाचण्यात गेलेला. पुस्तकात वाक्य संपतं. फोनवर बोलणाऱ्यांची वाक्यं संपत नाहीत. मी बोर्डावरचा खटका, म्हणजे ‘की’, पुढे ढकलून लाइनवर जायची, हा श्वास घेईल तेव्हा सांगू म्हणून थांबायची, आणि तेवढ्यात आणखी मिनिटं जायची. एका माणसाने बिल आल्यावर तक्रार केली होती की मला कुणी सांगितलंच नाही. तो कॉल मला आठवत होता. तो वडिलांच्या ऑपरेशनचं सांगत होता.

“उसके पीछे तीन लोग खड़े थे,” बाई म्हणाल्या. “उनके भी बाप होंगे.”

माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. ह्यांची गिरणी बंद पडली होती आणि हे उमरेडला मामांच्या हातमागावर बसायला गेले होते. एखाद्या रविवारी एसटीने यायचे. इतवारीमागच्या दोन खोल्या माझ्या पगारावर चालत होत्या. नोकरी गेली तर खोल्या सोडून आम्हालाही मामांकडेच जावं लागणार होतं. माझ्यापुरतं ते फार वाईट नव्हतं. पण आत्याबाई विधवा झाल्यावर मुलाला घेऊन त्याच घरात, भावजयीच्या हाताखाली राहिल्या होत्या. तिथून निघून त्यांनी नागपूर गाठलं, त्याबद्दल त्या कधी बोलत नसत. बाकी सगळ्याबद्दल बोलत.

ट्रेनिंगच्या खोलीत एक जुना बोर्ड होता. त्याला बाहेरची लाइन नव्हती. दोन मुली दोन टोकांना बसून गिऱ्हाईक व्हायच्या आणि मी मध्ये. त्या हसत हसत काहीही बोलायच्या, लग्नाचं, सिनेमाचं, आणि मला माहीत असायचं की हे खोटं आहे. तरी घड्याळाचा काटा पुढे गेलेला दिसायचा आणि मी वाक्य संपायची वाट बघत बसायची. बाई हातातली पेन्सिल टेबलावर आडवी ठेवत, म्हणजे नापास.

घरीसुद्धा मला वाटायला लागलं की कुणीतरी मागून ऐकतंय. दूधवाल्याशी बोलताना मी मागे वळून बघायची. जेवताना आत्याबाईंनी काही विचारलं तर “एक मिनिट, बघते हं” असं एक्स्चेंजमधलं उत्तर तोंडातून निघायचं. पोळी करपायची. त्यांनी दोन-तीन दिवस बघितलं आणि मग तवा खाली उतरवला.

“काय झालं वं?”

“काही नाही, आत्याबाई.”

“काही नाही तं मंग सारं जाळून काहून राहिली?”

मी सांगितलं. सांगायला वेळ लागला, कारण त्या मध्ये मध्ये विचारत होत्या. त्यांना मध्ये बोलायला कधीच अडचण नव्हती. त्या हातमागाच्या घरात वाढलेल्या. दिवसभर मागाची खटखट, त्यावरून ऐकू जाईल असं बोलायचं, आणि दुसऱ्याचं ऐकू येत नाही म्हणून थांबायचं नाही. त्या सुरू झाल्या की आळीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. हे सुद्धा त्यांचं बोलणं तोडत नसत. उठून बाहेर जात.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “म्हंजे बोलणाऱ्याच्या तोंडातून बोलणं काढून घ्याचं, याचा पगार देतेत?”

“हो.”

“आन् तुले ते येत नाही.”

“नाही.”

“मंग शिक. माह्यावर शिक.”

मला वाटलं, त्या चेष्टा करताहेत. दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवरून आले तर त्यांनी अलार्मचं घड्याळ फळीवरून काढून मधल्या दारात, आतल्या बाजूला ठेवलं होतं. मला आतल्या खोलीत बसवलं, मध्ये पडदा ओढला आणि पितळी तांब्या कानाला लावून त्या चुलीपाशी बसल्या. आयुष्यात त्यांनी फोन हातात धरला नव्हता. तांब्याचं तोंड कानाला आणि बूड खांद्याकडे.

“हालो,” त्या ओरडल्या. “दिल्ली लावा.”

“नंबर सांगा.”

“नंबर काय सांगू? संत्रे सडून राहिले इथं. मालकाले बोलवा.”

आणि मग त्या दिल्लीच्या मालकाशी बोलायला लागल्या. ट्रक कुठे अडला, ड्रायव्हर कसा दारुडा आहे, पेट्या कुणी कमी भरल्या. तीन मिनिटं झाली. मी पडद्याच्या अलीकडे तोंड उघडलं आणि मिटलं. ड्रायव्हरच्या बायकोपर्यंत त्या पोचल्या तरी माझा आवाज निघाला नाही.

शेवटी त्याच थांबल्या. “तोंडात गुळणी धरली काय?”

“आत्याबाई, तुमचं बोलणं कसं तोडू?”

“मी आत्याबाई नाही. मी संत्रेवाली हाये. तिच्या बोलण्याची तुले काय पडली?”

असं रोज चाललं. एके दिवशी शेजारच्या काकू दारात आल्या. त्यांनी तांब्या बघितला, पडदा बघितला.

“कोणाशी भांडून राहिल्या?”

“सुनेले शिकवून राहिली. तिनं माह्यं तोंड बंद कराले शिकलं पाह्यजे.”

“अवं, आमची तं न शिकवताच करते,” काकू म्हणाल्या आणि बराच वेळ उंबऱ्यावर बसून हसत राहिल्या.

मी हसले नाही. परीक्षा जवळ येत होती. हळूहळू मला बोलता यायला लागलं होतं, पण हळू आवाजात, आणि त्या ऐकूनही पुढे बोलत राहिल्या की मी गप्प व्हायची. बाईंच्या खोलीतही तेच. एकदा मी वेळेवर बोलले आणि लगेच माफी मागितली. बाईंनी पेन्सिल आडवी ठेवली.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आत्याबाईंनी संत्र्याचा व्यापारी काढला नाही. तांब्या कानाला लावून त्या चुलीपाशी बसल्या.

“आज अशी गोष्ट सांगतो,” त्या म्हणाल्या, “का तुले तोडूच नाही वाटली पाह्यजे.”

आणि त्यांनी मुलीचं सांगायला सुरुवात केली. ह्यांच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती आणि लहानपणी तापाने गेली, एवढं मला माहीत होतं. घरात त्याविषयी कधी बोलणं निघत नसे. आवाज त्यांनी खाली आणला होता. इतक्या हळू आवाजात त्या बोलू शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं. मुलीने सकाळी पेज मागितली आणि खाल्ली नाही. घरात मोठं कुणी नव्हतं, माग बंद होते, बाजाराचा दिवस. त्यांनी तिला ओल्या लुगड्यात गुंडाळून खांद्यावर घेतलं आणि डॉक्टरकडे निघाल्या. उन्हाळा होता, पायात काही नव्हतं. मुलगी त्यांच्या कानाशी काहीतरी म्हणत होती, पण पदराआडून समजत नव्हतं.

घड्याळ माझ्या समोर दारात होतं. काटा जवळ येत होता. मला वाटलं, आज नको. हे तोडायचं नाही. आणि त्याच वेळी कळलं की त्यांनी हे काढलंय ते यासाठीच.

“विहिरीपाशी पोचली,” त्या म्हणाल्या, “तं तिथं उभा...”

“तीन मिनिटं झाली,” मी म्हणाले. “वाढवायचंय का?”

आवाज स्पष्ट होता. मलाही तो दुसऱ्या कुणाचा वाटला. मी पडदा सारायला उठले तेव्हा त्यांनी तांब्या खाली ठेवला होता.

“जमलं वं,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी त्याच तांब्यात पाणी भरलं आणि कणीक मळायला घेतली. जेवण होईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. घरात एवढी शांतता कधी नसायची. त्या दुखावल्या का, हे मला विचारायचं होतं, आणि विचारलं तर उद्या पुन्हा तोंड उघडणार नाही असंही वाटत होतं. मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला खऱ्या बोर्डावर बसवलं आणि स्वतः मागच्या टेबलावर गेल्या. सकाळ व्यापाऱ्यांत गेली. दुपारी धंतोलीहून यवतमाळ मागितलं. एक माणूस आपल्या भावाला आईची तब्येत सांगत होता. आई बोलत नाही, डोळे उघडते, तू निघ, पण घाबरू नको, पण निघ. त्याचं वाक्य संपत नव्हतं. घड्याळाचा काटा तीन मिनिटांवर आला. मी की ढकलली आणि म्हणाले, “तीन मिनिटं झाली, वाढवायचंय का?”

“हो, ताई, वाढवा,” तो म्हणाला. आणि भावाला म्हणाला, “हं, तर तू निघ.”

त्याला राग आला नाही. मी मध्ये बोलले हे बहुधा त्याच्या लक्षातही राहिलं नसेल. मी चिठ्ठीवर खूण केली आणि पुढचा कॉल घेतला. ड्यूटी संपल्यावर बाई शेजारून गेल्या, थांबल्या नाहीत. “हो गया,” एवढंच म्हणाल्या.

नोकरी कायम झाली. उमरेडला जावं लागलं नाही. गिरणी सुरू झाली आणि हे परत आले. पुढे बोर्डच गेले. आता डायल फिरवला की मुंबई लागते, मध्ये कुणी लागत नाही. बोर्ड जाण्याआधीची काही वर्षं बाईंच्या त्या टेबलावर मी बसले. नव्या मुलींचं ऐकायची आणि काय कमी पडतं ते त्यांना सांगायची. मध्ये बोलता न येणारी एखादी असायचीच. तिला मी विचारायची की घरात सगळ्यात जास्त कोण बोलतं.

आत्याबाई त्यानंतरही खूप बोलल्या, सगळ्याबद्दल, आधीच्याच आवाजात. विहिरीचं पुन्हा निघालं नाही. गेल्या हिवाळ्यात त्या अंथरुणाला लागल्या. आवाज बारीक झाला होता आणि दोन शब्दांत दम लागायचा. मी उशाशी पुस्तक घेऊन बसायची आणि त्यांनी तोंड उघडलं की पुस्तक मिटून ठेवायची. एका दुपारी त्या बऱ्या वाटत होत्या म्हणून मी विचारलं, “आत्याबाई, त्या दिवशी विहिरीपाशी कोण उभा होता?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना बरोबर आठवलं होतं.

“तवा तीन मिनिटं झाले होते ना वं,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. हसताना खोकला आला. मी पाणी दिलं. नंतर त्यांना झोप लागली.

पुन्हा विचारायला मिळालं नाही.

तो तांब्या घरात आहे. आम्ही त्यातूनच पाणी पितो. विहिरीपाशी कोण उभा होता ते मला माहीत नाही.