खाली सही: समस्त रहिवासी

तुम्हाला न विचारता तुमच्या नावाने कुणी होकार दिला, तर तुम्ही त्याला माफ कराल? मी असा होकार आख्ख्या वस्तीच्या नावाने दिला होता.

जे. पी. नगरच्या पुढे, जिथे तेव्हा शहराचा डांबरी रस्ता संपायचा, तिथे आमचं तळं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. नळ कोरडा पडला की अण्णांचं पत्रक, बस बंद झाली की पत्रक. मजकूर शहराच्या भाषेत, कन्नडमध्ये, छपाई तिथल्याच शिवाजीनगरात आणि खाली सही एकच: समस्त रहिवासी. समस्तांना कुणी विचारलेलं नसायचं. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर.

कॉलेजात गेल्यावर मी माझं पहिलं पत्रक काढलं. माणसं येत-जात राहिली तर प्लॉटसाठी तळं कुणी बुजवणार नाही, असं मला वाटलं. ‘आमचं तळं पाहायला या’ असं लिहून खाली तीच सही ठोकली आणि शहरातल्या बसवनगुडीत घरोघर वाटलं. रविवारी कुटुंबं डबे घेऊन येऊ लागली. शेजारची अक्का पायऱ्यांवर उकडलेल्या शेंगा विकायची. तिची टोपली दुपारीच रिकामी होऊ लागली. वस्तीत कुणाचीच तक्रार नव्हती.

मग तळ्यावर बोट क्लब काढायला निघालेला मालक आला. देवळात सभा भरली, तेव्हा त्याच्या हातात माझं पत्रक होतं.

“तुम्हीच बोलावलंय, समस्त रहिवासी! मी फक्त सोय करतोय.”

वस्तीतले निवृत्त मास्तर खूश झाले. त्यांना प्लॉट विकायचा होता. पोरांना नोकऱ्या दिसू लागल्या. अक्काने एवढंच विचारलं, “पायऱ्या राहतील ना?”

“राहतील की, अक्का. स्वल्प नीटनेटक्या करू.”

पायऱ्या राहिल्या, तारेच्या कुंपणाच्या आत. गेटवर तिकीटखिडकी आली. आत क्लबचं कॅन्टीन, म्हणून रखवालदाराने अक्काची टोपली उचलून रस्त्यापलीकडे गटाराशी ठेवली. मी धावत गेले, तर ती शांतपणे म्हणाली, “पुट्टी, पोरी, लिहिण्याआधी मला विचारलं असतंस, तर सांगितलं असतं. पाहुणे येऊ देत, मालक नको.”

त्या वाक्याने माझी झोप उडवली. रडण्यात मी वेळ घालवला नाही. मालकाची कुठली गोष्ट वर्मी लागेल, ते शोधत राहिले. आमच्या गच्चीवरून ती सापडली. कॅन्टीनमागून एक पाइप निघत होता आणि खरकटं, तेलकट पाणी थेट तळ्यात, बोटी फिरायच्या तिथेच पडत होतं.

दुसरं पत्रक लिहायला बसले, तेव्हा अण्णा म्हणाले, “सूड म्हणून लिहू नकोस.”

“सूड म्हणूनच लिहितेय, अण्णा. पण खरं लिहितेय.”

या वेळी मी दारोदार फिरले. पहिला अंगठा अक्काचा. काहींनी दार लावून घेतलं. मास्तर म्हणाले, “आधी प्लॉट विकला जाऊ दे, मग दोन सह्या करतो.” ज्यांनी सही दिली, तेवढ्यांचीच नावं छापली.

रविवारी मी तिकिटाच्या रांगेशी उभी राहिले. एका गृहस्थाने पत्रक वाचलं, कॅन्टीनमागे जाऊन पाहिलं आणि नाकाला रुमाल लावून परत आला. त्याने खिडकीत तिकिटं आपटली. रांग विस्कटली. मालक धावत आला. “मॅडम, आत बसून बोलू या ना!”

“आत यायला मला तिकीट लागेल,” मी म्हटलं.

संध्याकाळपर्यंत रिकाम्या बोटी एकमेकींवर आपटत होत्या. अक्काजवळ बसून शेंगा खात मी तो आवाज ऐकला. इतकं गोड मी क्वचितच काही ऐकलं असेल.

पण पुढच्या रविवारी नवी माणसं आली. कुंपण अजून आहे, अक्का अजून गटाराशीच बसते. म्हणून मीही दर रविवारी तिथे असते, आणि तो क्लब बंद पडेपर्यंत असणार आहे.

तुमच्याकडे एक मागणं आहे. कुठल्याही तळ्यावर बोटीत बसण्याआधी कॅन्टीनच्या मागे एक चक्कर मारा. पाइप पाण्यात उतरत असेल, तर तिकीट परत करा आणि का करताय ते रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगा.