नाव एका चौकटीत, कलमं दुसऱ्या चौकटीत

वेबसाइटमध्ये फ्रेम असाव्यात की नसाव्यात, हा प्रश्न आता कोणी विचारत नाही. विचारलाच तर माझा आवाज चढतो, हे घरच्यांना माहीत आहे.

सौंसरहून मोहगावकडे जाताना माझी संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. हे काम मी सौंसरच्या बसस्टँडजवळच्या एका नर्सरीत रोजानं राबून शिकलो. पुढे स्वतःची उभी केली, पण लांबचं गिऱ्हाईक बसमधून उतरलं की थेट माझ्या जुन्या मालकाच्या दारात शिरायचं. माझ्यापर्यंत कोणी पोचतच नसे. तेव्हा गावोगावी इंटरनेट कॅफे निघत होते. गिऱ्हाइकानं घरूनच माझं नाव घेऊन निघावं, म्हणून मी वेबसाइट करायचं ठरवलं आणि पांढुर्ण्यात कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या सरांकडे गेलो.

सर पानामागे भाव सांगत होते. मी म्हटलं, "सर, आमी शंभर कलमांमागं पाच वर देतो, मरतुकीचे म्हणून. तुमी काय वर देता?"

"भाऊ, पानं काय मरून राहिले का?"

"मंग भाव कमी करा. माझं नाव, फोन दर पानावर कायले लिहून राहिले? एकदाच लिहा."

सर म्हणाले, तसं जमतं, त्याला फ्रेम म्हणतात. पडद्याचे भाग पाडायचे. वर नाव आणि फोन, डावीकडे यादी. हे दोन्ही जागचे हलत नाहीत. यादीवर क्लिक केलं की उजवीकडचं तेवढं बदलतं.

"पण भाऊ, दर भाग म्हणजे वेगळं पान असते. कोणी सर्च करून उजवीकडचंच पान उघडलं तं…"

"दार सोडून भिंतीवरून कोन येते जी?" मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. भाव पाडला आणि शीळ घालत घरी आलो.

पावसाळा लागला, कलमांचा हंगाम सुरू झाला. एका शनिवारी मी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेलो होतो. बाहेर राजस्थानचा टेम्पो उभा, कलमांनी गच्च भरलेला. त्याचा मालक माझ्याकडे टक लावून बघत होता. एकदम हसला.

"अरे, फोटोवाला भाई! सेठजी ने आज छुट्टी दे दी क्या?"

त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. त्याच्या गावच्या कॅफेत छापलेला. वर 'सौंसर की संतरे की कलमें', खाली विहिरीजवळ कलम धरून उभा असलेला मी. ना नाव, ना फोन. सर्चनं त्याला नेमकं उजवीकडचं पान दिलं होतं. तो कागद घेऊन तो बसस्टँडवर टेम्पोतून उतरला आणि माझ्या जुन्या मालकाला विचारलं, ही नर्सरी तुमचीच का? मालक म्हणाले, आमचीच, आणि हा आमचा माणूस. दुसरी गोष्ट कधी काळी खरी होती, म्हणून ती जास्त झोंबली.

मारुतीच्या दारात होतो, म्हणून तोंड आवरलं. टेम्पोत त्याच्या शेजारी बसलो आणि त्याला माझ्या नर्सरीत नेलं. त्यानं कागद पाहिला, विहीर पाहिली, मला पाहिलं आणि कान धरले. भरलेला माल काही उतरणार नव्हता. पण पुढच्या वर्षी त्याचा मोठा भाऊ बगीचा लावणार होता.

"भाईसाब को भेज दूँगा. मगर कागज़ पर आपका नाम तो डलवाओ!"

तो गेला आणि मी तसाच मोटरसायकलवर पांढुर्ण्याला.

"सर, माझं नाव कुठी गेलं?"

"वरच्या फ्रेममधी आहे की."

"मंग माझा फोटो बिनानावाचा गावोगाव काऊन फिरून राहिला?"

"भाऊ, मी सांगूनच राहिलो होतो. तुमी ऐकलं का?"

क्लासमधल्या पोरी तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. मी ओरडलो, सरही ओरडले. मग त्यांनीच चहा मागवला. फ्रेम काढून दर पानावर नाव आणि फोन टाकायचं ठरलं, आणि दर पानाचा पुरा भाव मी मान्य केला. आयुष्यात पहिल्यांदा. फक्त एक गोष्ट फुकटात करून घेतली: माझ्या फोटोखाली 'मालक' असा मोठ्या अक्षरात शब्द.

पुढच्या पावसाळ्यात मोठा भाऊ आला. तोही बसस्टँडवरच उतरला आणि माझ्या जुन्या मालकांनाच कागद दाखवून रस्ता विचारला. वर माझं नाव, खाली 'मालक'. आता काय म्हणणार? बिचाऱ्यांनी हात करून मोहगावचा रस्ता दाखवला, वर निरोपही दिला: गिऱ्हाईक आम्ही पाठवलं, हे लक्षात ठेव म्हणावं.

ठेवलं आहे. आदल्या वर्षीचा टेम्पोही लक्षात ठेवला आहे.