फितीमागची अँब्युलन्स

आगीची वर्दी आली की विचारत बसायचं नसतं. शहराच्या अग्निशमन दलात लागलो तेव्हा हे पहिल्याच दिवशी शिकवलं. घंटा झाली की जेवणाचं ताट तसंच सोडायचं, बुटांत पाय खुपसायचे आणि गाडीत चढायचं. कोणाची परवानगी नाही, कोणाचा मुहूर्त नाही. मी फायरमन आहे, आणि जखमींवर उपचाराचं जादा शिक्षण घेतल्यामुळे दलाच्या अँब्युलन्सवरही माझी पाळी लागते. आगीतून माणूस बाहेर काढायचा आणि दवाखान्यापर्यंत त्याला सांभाळायचं, ही दोन्ही कामं मी करतो. शहरात लोक शिव्या घालतात, मोबाइल काढून व्हिडिओ करतात, पण सायरन ऐकला की बडबडत का होईना बाजूला होतात.

म्हणूनच आमच्या गावाला अँब्युलन्स मिळाली त्या दिवसाची आठवण आली की अजून माझं टाळकं सटकतं.

गाव शहापूर तालुक्यात, आटगावपासून बरंच आत. गावातल्या मंडळाने कुठून कुठून मदत गोळा करून अँब्युलन्स आणली, हे चांगलंच झालं. तोपर्यंत आजारी माणूस म्हणजे कोणाच्या तरी जीपच्या पाठीमागे आडवा घालायचा आणि खड्ड्यांच्या हवाली करायचा. 'आपल्या गावचा फायरमन' म्हणून मलाही बोलावणं आलं. ऑक्सिजन कसा लावायचा, स्ट्रेचर कसं उचलायचं, ते गाडीवरच्या पोरांना दाखवायचं होतं. मी रजा टाकून खुशीत गेलो.

गाडी शाळेसमोरच्या मांडवामागे उभी होती. पांढरीशुभ्र, बॉनेटवर झेंडूच्या माळा, आणि पुढून मागून गुंडाळलेली लाल फीत. उद्घाटनाला साहेब येणार होते. कुठले साहेब ते सांगत नाही. सगळे सारखेच. सकाळची वेळ दिली होती, दुपार झाली तरी त्यांचा पत्ता नव्हता. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून गावातलं आणि वाडीवरचं झाडून सगळं माणूस मांडवात आणून बसवलं होतं. गावातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या जीपगाड्या साहेबांना आणायला हमरस्त्यावर गेल्या होत्या.

माझी काकी मात्र मांडवातून केव्हाच उठून गेली होती. तिचं घर वाडीच्या टोकाला. राब भाजायचा राहिला होता. भाताची रोपं करायची तो जमिनीचा तुकडा पाऊस येण्याआधी पालापाचोळा, शेण, टहाळे पसरून भाजतात, त्याला आमच्याकडे राब म्हणतात. राब कधी एकट्याने भाजत नाहीत. सकाळी वारा पडलेला असताना घरातले चारजण हिरवे टहाळे घेऊन चारी बाजूंनी उभे राहतात, पाण्याचे हंडे भरून ठेवतात. पण तिच्या घरातलं माणूस मांडवात. काका तर पांढरी टोपी घालून पुढच्या रांगेत, कारण साहेबांना हार घालायचा मान त्याला दिला होता. पाऊस काही साहेबांसाठी थांबणार नाही, असं म्हणून काकीने भरदुपारी एकटीने राब पेटवला.

मे महिन्यात आमच्याकडे धूर दिसला म्हणून कोणी मान वर करत नाही. मीही करत नव्हतो. पण राबाचा धूर पांढरट असतो, संथ असतो. वाडीवर उठला तो पिवळट, भरभर वर चढणारा, आणि असा धूर मी नोकरीत इतक्या वेळा पाहिलाय की पाय आपोआप उचलले गेले. एका पोराची मोटारसायकल घेतली, त्यालाही मागे बसवलं आणि सुटलो.

वाऱ्याने राबाची आग उडून पेंढ्याच्या उडवीला लागली होती. उडवीशेजारी गाय बांधलेली. काकीने गाय सोडवली होती. दावं नायलॉनचं. पूर्वी आम्ही अंबाडीचं वळायचो, ते जळायचं आणि सुटायचं. नायलॉन वितळतं. वितळलेल्या दाव्याची गाठ तिने दोन्ही हातांनी ओढून सोडवली होती, आणि ते दावं तिच्या तळव्यांना, बोटांना चिकटून बसलं होतं. गाय शेताच्या कडेला उभी राहून तिच्याकडे बघत होती.

उडवी जळून खाली बसत आली होती, आग पुढे जाणार नव्हती. मी हंड्यातलं पाणी हातांवर ओतत राहिलो. चिकटलेलं ओढून काढायचं नसतं. मग बांगड्या. हात सुजायला लागले की बांगड्या आवळतात आणि पंजाचं रक्त अडतं, म्हणून त्या आधी फोडाव्या लागतात. इतका वेळ दात आवळून बसलेली काकी तेव्हा ओरडली.

"नको रे, नको! बांगड्या नको फोडू. धनी माझा बसलाय तिथं मांडवात."

"काकी, हात जाईल."

"हात जाऊ दे."

मी ऐकलं नाही. फोडल्या. ती रडली ती तेव्हा, भाजल्यावर नाही.

सरकारी अँब्युलन्सला फोन केला. ती मुरबाडकडे पेशंट घेऊन गेली होती, यायला वेळ लागणार होता. गावात जीप एकही नाही. मग खिशातल्या कात्रीने तिचा पदर कापला, त्या ओल्या फडक्यात हात गुंडाळले, तिला मोटारसायकलवर आम्हा दोघांच्या मध्ये बसवलं आणि मांडवाच्या मागच्या बाजूने आणलं. तिथे आमच्या समोर अँब्युलन्स उभी. डिझेल भरलेलं, ऑक्सिजन भरलेला, स्ट्रेचरवरचं प्लॅस्टिकही अजून काढलेलं नाही.

ड्रायव्हरने चावी खिशात घट्ट धरली. म्हणाला, "अध्यक्षांनी सांगितलंय. फीत कापल्याबिगर गाडी हलवायची नाय."

मी मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला. ते साहेबांच्या स्वागताला हमरस्त्यावर उभे होते. सगळं ऐकून घेतलं आणि काय म्हणाले ते शब्दाला शब्द लक्षात आहे माझ्या. "अरे, मग बरंच झालं की! साहेब आटगावला पोचलेत. पाचच मिनिटं थांब. तिला मांडवात बसव, साहेबांच्या हस्ते पहिलाच पेशंट रवाना करू. फोटो झकास येईल."

बरंच झालं! काकीचे हात भाजले ते बरंच झालं, कारण फोटोला पेशंट मिळाला. मी फोन बंद केला. ड्रायव्हरची कॉलर धरली, खोटं कशाला सांगू, आणि चावी काढून घेतली. काकीचा पदर ज्या कात्रीने कापला, तिनेच फीत कापली. एका पोराला आत तिच्यापाशी बसवलं, स्टिअरिंगवर मी. सायरन लावला आणि निघालो.

गावाच्या तोंडाशी स्वागताची कमान होती. तिथे ढोलवाले, फटाक्यांची लांबलचक माळ अंथरून उभी असलेली पोरं आणि फुलांची ताटं घेतलेल्या बाया. त्यांनी सायरन ऐकला. आमच्या गावात तोवर सायरन वाजला होता तो फक्त मंत्री आले तेव्हा, नाहीतर निवडणुकीत. आजारी माणसासाठी तो कधी वाजलाच नव्हता. सायरन वाजला म्हणजे साहेब आले, मग तो गावाच्या बाजूने का येईना! त्यांनी ढोल बडवायला घेतला आणि माळेला काडी लावली. माझ्या गाडीपुढे रस्ताभर फटाके फुटायला लागले, काचेवर फुलं पडायला लागली. मी खिडकीतून बोंबलतोय, "बाजूला व्हा, पेशंट आहे!" आणि पोरं ओरडतायत, "साहेबांचा विजय असो!" कित्येकांनी तर हात जोडले. आत काकी विव्हळत होती आणि ती माळ काही संपत नव्हती.

तेवढ्यात मागचा दरवाजा उघडला. काका. साहेब मागे बसलेत असं समजून तो मांडवातून हातात हार घेऊन धावत आला होता. मी आरशात पाहिलं. तो हार तसाच वर धरून उभा राहिला, आणि त्याला आधी दिसली ती तिची रिकामी मनगटं.

"हार नको," काकी म्हणाली. "वाट करा."

मग काकाने टोपी फेकली आणि ढोलवाल्याला असा धक्का मारला की तो ढोलासकट गटारात गेला. वाट झाली.

शहापुरात हातांवरचं नायलॉन काढलं, पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवलं, कातडी लावली. हात राहिले. बोटं मात्र अर्धीच वाकतात. उशिरामुळेच असं झालं असं मी म्हणणार नाही, भाजणं खोल होतं. पण त्या कमानीखाली गेलेला एकेक क्षण मला त्या माणसांकडून परत हवाय.

गावात उलटी चर्चा सुरू झाली. मी म्हणे अपशकुन केला. साहेबांचा अपमान केला. अध्यक्ष तर माझ्याशी बोलेनासेच झाले. शेवटी त्यांनी नवी फीत आणली आणि भाताची लावणी तोंडावर आलेली असताना पुन्हा उद्घाटन ठेवलं. या वेळी साहेब वेळेवर आले. काकीला पुढे बोलावलं, 'पहिल्या लाभार्थी' म्हणून. फीत तिच्याच हातून कापू, असं साहेबांनी मोठ्या मनाने जाहीर केलं आणि तबकातली कात्री तिच्या हातात दिली.

कात्री खाली पडली. पुन्हा दिली, पुन्हा पडली. लोक हसले, लाजतेय म्हणाले. मग साहेबांनी तिचा हात आपल्या हातात घेऊन कात्री दाबली, फीत कापली, फोटो निघाला.

"आता बरं आहे ना, मावशी?" साहेबांनी माइकवर विचारलं.

"लावणीला या, साहेब," काकी म्हणाली. "रोपाची मूठ धरून दावते."

"येणार, येणार! नक्की येणार!" साहेब म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

निघताना त्यांच्या पुढच्या गाडीने सायरन लावला. कमानीखालचे लोक झटकन बाजूला झाले.