माळावरच्या झाडांची शिंदी

तुमच्या गावातल्या टपरीवर सगळ्यांना एकाच रांगेतला ग्लास मिळतो का? खरं सांगा.

विद्यापीठाच्या नामांतराची पत्रकं वाटत मी जिंतूरहून चारठाण्याकडे पायी निघालो होतो. सकाळीच रस्त्याकडेला एक शिंदीवाला भेटला. कमरेला कोयता, झाडावर चढून तळपायांना घट्टे, समोर फळीवर राखेने घासलेले ग्लास.

"वढ्याकाठची नका घेऊ, पाणचट लागती. बांधावरल्या झाडांची घ्या. दुपारी तर लय चढती," तो म्हणाला.

मी दारू पीत नाही म्हटल्यावर तो हसला. "मग ही घ्या. आत्ताच उतरवली, नुसती गोड हाय."

ज्याच्या बांधावर ती झाडं होती, तो मालक तिथेच पीत उभा होता. माझ्या हातातली पत्रकं पाहून त्याने दरडावलं, "ह्याला येगळा गिलास दे. न्हाईतर उद्यापासून माझ्या झाडाला हात लावू नको."

शिंदीवाल्याने फळीवरचा पहिलाच ग्लास भरून माझ्या हातात दिला. "मालक, मडकं एकच हाय. येगळा गिलास पायजे तर तुमी घरून आणा."

बांधावरली झाडं त्याच्या हातून गेली. आता तो पलीकडच्या माळावर दोनच झाडं छेदून रस काढतो. तिथली शिंदी कमी उतरते, जरा आंबटही लागते. तरी या भागातली सगळ्यात चांगली शिंदी तीच, असं मी छातीठोकपणे सांगतो. त्या वाटेने गेलात तर तिथे थांबा, आणि फळीवरचा हाताला येईल तो ग्लास उचला.