टाकीतलं पाणी

"आधी वास, मग इस्वास," असं म्हणत मिस्त्री डिझेलमध्ये करंगळी बुडवायचा, अंगठ्यावर घासायचा आणि डोळे बारीक करून हुंगायचा. चहासुद्धा हुंगून प्यायचा. मी एकदा त्याला आमच्या संघटनेचं पत्रक दिलं, तर तेही त्यानं नाकाशी नेलं.

"शाई वली हाय. कागद कुणी दिला?"

"जनतेनं."

"जनतेचं नाव काय?"

सगळ्या जगानं भेसळ केली आहे असं धरून चालणारा असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. हा जुन्या इंजिनांचे पंप आणि नोझल दुरुस्त करायचा. नांदेडच्या एका गॅरेजात शिकला आणि लातूर जिल्हा वेगळा झाला तसं इकडे लातूरला येऊन गंजबाजाराजवळ दुकान टाकलं. कपाळावर भस्माचे पट्टे, नखांत काळं तेल.

तेव्हा दुष्काळ होता. जिल्हा नवा, साहेब नवे, शिक्के नवे. पाणी तेवढं नव्हतं. आमच्या गावात एकाच विहिरीला तळाशी पाणी उरलं होतं. जुनं डिझेल इंजिन ते उपसून हौदात टाकायचं. आधी गाव भरायचं. मग कुणाला दया आली, तर वरून ओतलेलं पाणी आमच्या वस्तीच्या घागरीत पडायचं. इंजिन बंद, की आमच्या घागरी पालथ्या.

आणि ते सारखं बंद पडू लागलं. हा यायचा, डिझेल हुंगायचा, "राकेल न्हाई," म्हणायचा, नोझल साफ करून बसवायचा. इंजिन चालायचं आणि पुन्हा बंद पडायचं. मला वाटे, हा मुद्दाम अर्धवट दुरुस्ती करतो. कारण इंजिन मेलं तरच टँकर मंजूर होणार होता, आणि टँकर सरपंचाच्या मेव्हण्याचा होता. साहेब टँकरच्या मंजुरीसाठी पाहणीला येणार होते त्या सकाळी तर हा चक्क सरपंचाच्या ओट्यावर बसला होता.

"काय मिस्त्री, ठरलं का?" मी विचारलं.

"चहा पिलो म्हंजी इकलो व्हय रे? अन् तुला टँकर नको कशावरून?"

साहेब आले. सरपंच म्हणाला, "इंजिन निकामी झालंय साहेब. विचारा मिस्त्रीला."

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. माझी चुलती रिकामी घागर घेऊन लांब उभी होती.

त्यानं टाकीच्या तळाचं डिझेल एका काचेच्या बाटलीत काढलं, बाटली विहिरीच्या काठावर ठेवली आणि लिंबाखाली जाऊन बसला. "थांबा की जरा," एवढंच म्हणाला. साहेब घड्याळ पाहू लागले. बाटलीत हळूहळू दोन थर झाले. वर डिझेल, खाली स्वच्छ पाणी.

"प्यायला पाणी न्हाई, अन् टाकीत पाणी वतून राहिलेत," तो म्हणाला. "पाण्याला वास नसतो, म्हणून माझ्या नाकाला घावलं न्हाई. इंजिन मेलं न्हाई साहेब. कुणीतरी मारून राहिलंय."

"कोण?"

"म्या बघितलं न्हाई. माझा समद्यांवर संशय हाय."

मग त्यानं टाकी धुतली, पंप साफ केला, नोझल उघडंच पाइपाला जोडलं आणि चाकाला हिसका दिला. कुर्र असा आवाज झाला आणि डिझेलचं बारीक धुकं सुटलं. त्याला हसताना मी तेव्हाच पाहिलं. थोड्या वेळानं हौदात पाणी पडू लागलं. साहेबांची जीप गेली, आणि टँकरची मंजुरीही गेली.

जाताना त्यानं टाकीच्या झाकणाला कुलूप घातलं, सरळ चुलतीकडे गेला आणि किल्ली तिच्या हातात दिली. हातात दिली, वरून टाकली नाही.

"तिच्याकडं?" सरपंच ओरडला. "मग रोज डिझेल टाकाया हिला बोलवायचं का?"

"हाव, बोलवा. हिला पाणी समद्यांत शेवटी मिळतं. इंजिन बंद पडावं असं हिला कधी वाटणार न्हाई."

चुलती म्हणाली, "माझ्यावर इस्वास हाय म्हणा की, दादा."

"न्हाई. येऊन बघणार हाय म्या."

आणि खरंच यायचा. बाजाराच्या दिवशी, न सांगता. करंगळी, वास, बाटली. "घावलं का काही?" चुलती विचारायची. "आज न्हाई घावलं," तो जरा नाराजीनंच म्हणायचा. जाताना बाटली तिच्याकडेच ठेवून जायचा.

रोज सकाळी गावाला आमच्या वस्तीत यावं लागायचं. किल्ली देताना हे त्याच्या मनात होतं का? विचारलं असतं, तर त्यानं मलाच हुंगलं असतं.

पुढे त्याचं दुकान बंद झालं. सरपंचानं गिऱ्हाइकं तोडली असं कुणी म्हणालं, नांदेडला परत गेला असं कुणी, मुदखेडला दिसला असंही कुणी. मी कशावरच विश्वास ठेवला नाही. बाजाराचे दिवस येत राहिले. तो मात्र आला नाही.

अशाच एका सकाळी सरपंचाचा गडी डिझेलचा डबा घेऊन विहिरीवर आला. चुलतीनं रस्त्याकडे एकदा पाहिलं. मग डब्यात करंगळी बुडवली, हुंगली, पदराला पुसली आणि सोबत आणलेली बाटली काढून त्याच्यापुढे ठेवली.

"ह्यात वत," ती म्हणाली, "अन् बस तिथं लिंबाखाली."