लाल कापडातला बोकड

आमच्याकडे श्रावणी सोमवारी सैतानाची पूजा होते आणि प्रसादाला साबुदाण्याची खिचडी असते.

घाबरू नका, घराणं चांगलं आहे. सगळा दोष माझा आणि ऑस्बर्टरावांचा. ऑस्बर्ट क्रॉलिंगहॅम हे जुन्या काळातले एक इंग्रज कादंबरीकार. खून, गुप्त मंडळ्या, कवटीतून दारू पिणारे सरदार आणि अमावास्येला अवतरणारा सैतान, असा सगळा त्यांचा माल. विलायतेत त्यांना आता कुत्रंही विचारत नाही. (विचारत असेल तर ते भुताचं कुत्रं असेल.) पण महाराष्ट्रात आम्ही काही वेडे शिल्लक आहोत! आमचा व्हॉट्सअ‍ॅपवर 'ऑस्बर्टप्रेमी मंडळ' नावाचा ग्रुप आहे. पुण्याचे दंतवैद्य पाठक त्याचे कर्तेधर्ते, संगमनेरचे निवृत्त गणित शिक्षक शेख सर चिटणीस, आणि मी नाशिकचा, सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळणारा साधा सभासद.

आमच्या चर्चा फार वरच्या पातळीवर चालतात. पुस्तकात काय लिहिलंय, असले पोरकट प्रश्न तिथे कोणी काढत नाही. आवृत्ती पहिली आहे का? वरचं आवरण शाबूत आहे का? कसर लागली आहे का? वास कसा येतो? (मी डोळे मिटून नुसत्या वासावरून ऑस्बर्टराव ओळखतो. बायको याला आजार म्हणते.)

तर देवळाली कॅम्पात साहेबाच्या काळातले जुने बंगले आहेत. त्यातला एक रिकामा होत होता, आणि बाहेर उभ्या भंगारवाल्याच्या गाडीवर, पितळी नळ आणि मोडकं कमोड यांच्या मधोमध, मला तो दिसला. 'खिडकीतला बोकड'! ऑस्बर्टरावांची सगळ्यांत दुर्मीळ कादंबरी! पहिली आवृत्ती! आवरणासकट! आवरणावर बोकडाच्या तोंडाचा आणि माणसाच्या धडाचा सैतान, एक हात वर केलेला. मी गाडीचा दांडा घट्ट धरला.

"काका, बसा, बसा," भंगारवाला म्हणाला. "साखर कमी झाली का? लिंबूपाणी मागवू?"

आता प्रश्न होता तो घरात नेण्याचा. माझी बायको सुलभा हिने निर्वाणीचा इशारा दिला होता, "घरात आता एक जरी पुस्तक आलं ना, तर सगळी रद्दीत जातील." ही नुसती धमकी नव्हती. मागच्या दिवाळीत तिने माझ्या डोळ्यांदेखत ऑस्बर्टराव तराजूत चढवले होते, आणि मी रद्दीवाल्याच्या हातगाडीमागे चप्पल न घालता धावून त्यांना सोडवून आणलं होतं.

तेव्हा मी माझं सगळं डोकं वापरलं. (इथेच चूक झाली.) आमच्या घरात फ्रिजचं गॅरंटी कार्डसुद्धा रद्दीत जाऊ शकतं, पण लाल कापडात बांधलेल्या पोथीला हात लावायची कोणाची छाती नाही! मी बाजारातून लाल कापड आणलं, बोकड त्यात नीट गुंडाळला, गाठ मारली आणि देवघरात खालच्या फळीवर ठेवून दिला. वर नमस्कारही केला. सुलभा मागून बघत होती. तिला गहिवरून आलं.

ग्रुपवर फोटो टाकताच हलकल्लोळ झाला. पाठकांनी पानभर नुसती उद्गारचिन्हं पाठवली. शेख सरांनी आवाजी निरोप पाठवला, त्यात फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"कादंबरी कशी आहे हो?" पाठकांनी पहिल्यांदाच पोरकट प्रश्न विचारला.

"थरारक! शेवट तर विचारूच नका!" मी लिहिलं. (त्यांनी खरंच विचारायला नको होता. मी पुस्तक उघडलंच नव्हतं. उघडलं की बांधणी ढिली होते.)

"श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी सुट्टी आहे. मी आणि शेख सर दर्शनाला येतो. आवरण फोटोत दिसतंय तसंच असेल, तर मंडळाचे अध्यक्ष तुम्ही!"

अध्यक्ष! आयुष्यात मला सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचंही अध्यक्षपद कोणी दिलं नव्हतं. माझी झोप उडाली. कारखान्यात मी बोल्टांऐवजी नट देऊ लागलो.

याच सुमारास श्रावण लागला आणि त्र्यंबकला जायचं म्हणून सासूबाई लासलगावहून आल्या. त्यांनी आल्याआल्या देवघराचा ताबा घेतला. मला बरंच वाटलं. देवघराला राखण मिळाली!

तिसऱ्या सोमवारी सकाळी पाहुणे दारात हजर. पाठक हातात दाढा काढायचे रबरी मोजे चढवूनच जिना चढले होते.

"हे मित्र. मिसळ खायला आलेत," मी सुलभाला सांगितलं. नाशिकला माणसं मिसळ खायला येतात यावर कोणीही विश्वास ठेवतं.

"श्रावणी सोमवारी?" ती म्हणाली. "आणि मोजे घालून?"

तिला तिथेच सोडून मी देवघराकडे धावलो. खालच्या फळीवर लाल कापड होतं. छान घडी करून ठेवलेलं. बोकड गायब!

"सुलभा! इथली पोथी कुठंय?"

"आई देवळात घेऊन गेली. पारायण चाललंय ना. का हो, तुम्हालाही पारायणाला बसायचंय का?"

पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर महादेवाचं छोटं देऊळ आहे. मी पुढे, मागे शेख सर, त्यांच्या मागे मोजेवाले पाठक, आणि सगळ्यांच्या मागे पदर खोचून सुलभा, अशी वरात देवळात पोचली.

सभामंडप बायकांनी भरला होता. मध्ये चौरंग. चौरंगावर माझा बोकड! त्याच्या कपाळावर ठसठशीत गंध, शिंगांवर हळदकुंकू, खूण म्हणून पानांत बेलाचं पान. आणि समोर बसून गायधनी मॅडम, आमच्या शेजारच्या इमारतीतल्या इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका, वाचत होत्या आणि लगेच मराठीत सांगत होत्या, "...तेवढ्यात खिडकीचं तावदान खळकन फुटलं, आणि बघते तर काय, सरदाराचा हात टेबलावर, पण सरदार नाही!"

"शिव शिव शिव!" सगळा मंडप एका सुरात म्हणाला.

"मॅडम, हे काय चालवलंय!" मी ओरडलो.

"अहो, मी पहिल्याच सोमवारी यांना सांगितलं, ही पोथी नाही, कादंबरी आहे म्हणून. पण तोवर पहिला खून झाला होता! एक बाई जागची उठेना."

"पोथी नाय कशी?" सासूबाई कडाडल्या. "ह्यो काय दक्षराजा! महादेवानं मुंडकं उडवलं आन् मंग बोकडाचं बसवलं, कीर्तनात लय येळा ऐकलंय म्या. लाल कापडात व्हती पोथी. लाल कापडात कोणी कादंबरी बांधतं का, जावईबापू?"

मंडपातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. त्यांतली सुलभाची मान फारच सावकाश वळली.

"म्हणजे ते लाल कापड...?" ती म्हणाली. "आणि मी मैत्रिणींना सांगत होते, यांना देवाची ओढ लागली म्हणून! थांबा, संध्याकाळी रद्दीवाल्यालाच बोलावते."

"खबरदार!" सासूबाईंनी चौरंगावर हात आडवा धरला. "पूजा झालेली पोथी रद्दीत? येडी का काय तू!"

मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. इतक्यात पाठक मोजे सावरत चौरंगाकडे सरकले. आवरणावरचं गंध बघून त्यांचा चेहरा अक्कलदाढ दुखत असल्यासारखा झाला होता.

"ओ डॉक्टर, अर्धा अध्याय राह्यलाय. खाली बसा. पोथी मधीच उचलली तर दोष लागतो," सासूबाईंनी मोजे बघून दटावलं.

पाठक बसले. शेख सर आधीच बसले होते. मीही बसलो. गायधनी मॅडम पुढे सुरू झाल्या आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला! तळघर आलं, मेणबत्ती विझली, जिन्यावर खुरांचा आवाज आला. पाठकांनी कधी मोजे काढून खिशात घातले, त्यांनाच कळलं नसेल.

"अध्यक्ष," ते माझ्या कानात कुजबुजले, "खुनी कोण हो? तो बटलर ना? तुम्ही वाचलंय."

"तसं... म्हणजे... आता सांगितलं तर मजा जाईल."

"गृहपाठ न केलेली पोरं असंच बोलायची," शेख सर म्हणाले. "आता गप्प बसा दोघंही, ऐकू द्या!"

नेमकं शेवटचं प्रकरण बाकी असताना आरतीची वेळ झाली आणि मॅडमनी पुस्तक मिटलं. पाहुणे खिचडीचा प्रसाद घेऊन हळहळत परतले. जाण्यापूर्वी देवळातच मंडळाची निवडणूक झाली आणि सासूबाई एकमताने अध्यक्ष झाल्या. माझं मतही त्यांनाच पडलं.

पुढच्या सोमवारी मला सुट्टी नव्हती. घरी आलो तर मोबाइलवर पाठकांचे एकामागून एक निरोप येऊन पडलेले, "खुनी कोण?" मी बूटही न काढता देवघराकडे गेलो. ऑस्बर्टराव पुन्हा लाल कापडात बसले होते.

"सासूबाई, खुनी कोण निघाला?"

"पोथीतली गोष्ट अशी पारोशानं ऐकायची? आधी आंघोळ करून या."

मी भर संध्याकाळी आंघोळ केली, ओल्या केसांनी पाटावर बसलो, हात पुढे केला. सासूबाईंनी पळीनं हातावर तीर्थ घातलं आणि मला खालून वर न्याहाळलं.

"त्यो पुस्तकं जमवणारा निघाला बघा. कधी वाचायचा नाय, नुसता हुंगत बसायचा. मला तर त्याचा पहिल्याच सोमवारी वहीम आला व्हता!"

मी तीर्थ प्यालो आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.